गदा देवाला चालते, काठी पोरींना नाही?

आज डोकं फिरलंय, त्यामुळे लांबलचक लिहिणार. आमच्या कॉलनीतल्या मारुतीच्या सभामंडपात रविवारी सकाळी पोरींना लाठीकाठी शिकवू द्या, एवढीच मागणी होती. समितीतले एक काका म्हणाले, "देवळात मारामारी कशाला? भक्तीच्या जागेचं पावित्र्य राहू द्या." बाकीचे माना डोलवत चहा पीत बसले.

मारुतीच्या देवळात हे बोलायचं! गावोगावी मारुतीशेजारी तालीम असायची, ती काय शोभेला? नवरात्रात माहूरचा गड चढायचा, माळेगावच्या यात्रेत खंडोबाच्या खड्गाला हात जोडायचे, आणि घरी लेकीला सांगायचं, कुणी काही बोललं तर मान खाली घालून निघून ये.

माझी आत्या माळकरी. भरबाजारात एकाने तिच्या मंगळसूत्राला हात घातला, तर तिने त्याचं मनगट धरून असा चावा घेतला की गडी बोंबलत पळाला. ओढाताणीत मंगळसूत्र तुटलं, माळही तुटली. बाई तिथंच खाली बसली आणि मणी वेचायला लागली. तुळशीचे पदराच्या एका टोकाला, काळे दुसऱ्या टोकाला. संध्याकाळी हरिपाठाला वेळेवर हजर.

तेव्हाही नातेवाइकांत असे काका होतेच. "माळकरी बाईला शोभतं का हे?" आत्या म्हणाली, "माळ घातली म्हणजे गळा दुसऱ्याच्या हवाली केला काय?"

आपले तुकोबा मेणाहून मऊ विष्णुदास म्हणतात, आणि त्याच अभंगात नाठाळाच्या माथी काठी हाणायलाही सांगतात. आपण मेण तेवढं उचललं.

आणि हे नांदेडात सांगावं लागतंय! गुरू गोविंदसिंग १७०८ मध्ये इथंच, गोदाकाठी गेले. शिखांची लेकरं नामस्मरणाबरोबर गतका, म्हणजे त्यांची लाठी-तलवारीची विद्या, शिकतात, त्यात कुणाला विसंगती दिसत नाही. कृपाण बाळगणं हा त्यांच्या धर्माचरणाचा भाग आहे, असं राज्यघटनेच्या कलम २५ च्या स्पष्टीकरणातच लिहिलंय. होळीला हल्लाबोल, म्हणजे शिखांची शस्त्रं घेऊन निघणारी मिरवणूक, बघायला आमचे समितीवाले पहिल्या रांगेत असतात, बरं का.

हो, धर्मरक्षणाच्या नावाखाली दुसऱ्याच्या दारापुढं तलवारी नाचवणारेही आहेत. काकांची धास्ती अगदीच बिनबुडाची नाही, मान्य. पण ते रक्षण नव्हेच. चोराने मंगळसूत्र सोडलं तशी आत्यानेही त्याचं मनगट सोडलं, मागे धावली नाही. कायदा तरी वेगळं काय सांगतो? स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ मध्ये आहे, आधी आयपीसीत ९६ ते १०६ होता. बचावाला लागेल तेवढंच, सूड नाही. आत्याने कुठलं कलम वाचलं होतं?

काका माणूस म्हणून वाईट नाहीत. रात्री नातीचा क्लास सुटायच्या वेळी बॅटरी घेऊन कोपऱ्यावर उभे असतात, मी बघते ना. गुडघे दुखत असतात तरी उभे असतात. पण काका, ती उद्या पुण्याला शिकायला गेली की कुठल्या कोपऱ्यावर उभे राहणार? तिथं तुमचं पावित्र्य येणार आहे का सोबतीला?

असो. मंडप नाही तर नाही, आमच्या गच्चीवर सुरू करतोय. रविवारी सकाळी साडेसहाला. बुरूड गल्लीतून काठ्या आणायच्यात, तेव्हा पोरींची नावं आणि उंची शनिवारपर्यंत इनबॉक्समध्ये टाका. आयांनीही यायचंय. काका, तुमच्या नातीची काठी मी धरलीय.