तीन टक्के आणि पासंग: इतवारीच्या काकांना उत्तर

काका, तुमची प्रतिक्रिया रात्री वाचली तेव्हा जरा झोंबली. सकाळी कॉलेजला निघताना पुन्हा वाचली, तेव्हा पटली.

ज्यांनी ती पाहिली नसेल त्यांच्यासाठी: चीनमधल्या जूनो या न्यूट्रिनो (जवळजवळ कशालाच न अडणारे सूक्ष्म कण) शोधकावरच्या लेखात मी '1 एमईव्ही ऊर्जेला 3 टक्के अचूकतेचं उद्दिष्ट म्हणजे कमालच' असं लिहिलं होतं (एमईव्ही म्हणजे दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट, कणांची ऊर्जा मोजायचं माप). नागपूरच्या इतवारीत तीन पिढ्यांची सराफी असलेले काका म्हणतात, "शंभर ग्रॅम सोन्यात तीन ग्रॅम इकडचे तिकडे झाले तर गिऱ्हाईक दुकान डोक्यावर घेईल. मग एवढा गाजावाजा काऊन? आणि या काट्याची वजनं तपासली कुणी?"

पहिल्या प्रश्नाला जबाबदार मीच. 'अचूकता' हा एकच शब्द मी दोन वेगळ्या दुखण्यांसाठी वापरला. एक फैलाव, म्हणजे दर मोजणीत होणारं कमीजास्त; दुसरं पासंग, म्हणजे काट्यातच मुरलेला एका बाजूचा कल. पासंग तुम्हाला मी काय सांगावं!

फैलाव आमच्या प्रयोगशाळेत रोज दिसतो. मुठीत मावेल एवढा सोडियम आयोडाइडचा स्फटिक, मागे प्रकाश मोजणारी नळी, समोर सिझियम-137 हा किरणोत्सारी पदार्थ. त्यातून येणाऱ्या प्रत्येक गॅमा किरणाची ऊर्जा 662 केईव्ही (1,000 केईव्ही म्हणजे 1 एमईव्ही), ना कमी ना जास्त. तरी पडद्यावर सरळ रेघ येत नाही, टेकडी येते. कारण प्रकाश सुट्या दाण्यांनी येतो आणि दर वेळी मूठभर दाण्यांत दोनचार कमीजास्त होतातच. मे महिन्यात आणखी एक गंमत होते. सकाळी टेकडी जिथे असते तिथून दुपारी, कूलर नुसता घरघरायला लागला की, ती हळूच सरकते. रुंदी जवळपास तीच, जागा दुसरी. रुंदी हा फैलाव, सरकणं हा पासंग.

जूनोचे 3 टक्के हे टेकडीच्या रुंदीचे. हिशेब सोपा आहे. 1 एमईव्हीला नळ्यांनी साधारण 1,100 दाणे मोजले, तर नैसर्गिक चढउतार त्याच्या वर्गमुळाएवढा, म्हणजे 33. भागाकार करा, 3 टक्के. पण हे 1,100 हाती लागणंच जिकिरीचं. चमक उठते 35.4 मीटर व्यासाच्या अ‍ॅक्रिलिकच्या गोलात, कण आदळला की चमकणाऱ्या 20 हजार टन द्रवात कुठेही. तो उजेड कितीतरी मीटर द्रव ओलांडून भोवतीच्या 17,612 मोठ्या नळ्यांपर्यंत पोचायला हवा. द्रवात जरा मळ राहिला की वाटेतच गडप. आमच्या स्फटिकाची टेकडी अर्ध्या उंचीवर 7 टक्के रुंद भरते. जूनोच्या मापात बसवायला तिला 2.35 ने भागायचं, म्हणजे तीही 3 टक्केच. मुठीतल्या स्फटिकाला जे जमतं ते 20 हजार टनांत करून दाखवायचंय. जपानच्या 1,000 टनांच्या कामलँड या अशाच शोधकामध्ये हाच आकडा 6 टक्क्यांच्या वर होता.

तुम्ही एकच बांगडी चार वेळा काट्यावर ठेवू शकता. अणुभट्टीतून 53 किलोमीटर आलेला प्रतिन्यूट्रिनो (न्यूट्रिनोचा प्रतिकण) एकदाच चमकतो आणि संपतो. पण एकेकाचं वजन कुणाला हवंय? हजारोंच्या ऊर्जांचा मिळून जो आलेख होतो, त्यावरच्या बारीक लाटा हव्यात. न्यूट्रिनोच्या तीन वस्तुमानांचा क्रम कोणता, ते त्या लाटांच्या जागेवरून ठरतं. क्रमामुळे पडणारा फरक सुमारे 3 टक्क्यांचा, म्हणून फैलावही तेवढाच चालतो. त्याहून वाढला की लाटा पुसल्या जातात.

आता तुमचा दुसरा प्रश्न, जो मूळ लेखात मला सुचायला हवा होता. या द्रवात ऊर्जा दुप्पट झाली म्हणून उजेड नेमका दुप्पट होत नाही. हळू चालणारा कण थोड्या जागेत ऊर्जा दाटीनं ओततो आणि तिच्यातली बरीचशी उजेड न होता उष्णतेत जाते. वेगवान कण उलट चेरेन्कोव्ह प्रकाशाची (द्रवातल्या प्रकाशाहून वेगानं जाणाऱ्या कणामुळे उठणाऱ्या उजेडाची) भर घालतो. म्हणजे काटा जन्मतःच तिरपा. हा तिरपेपणा चुकीचा मोजला, तर लाटा सरकतात आणि उलटा क्रम सुलटा भासू शकतो. हजारो मोजण्यांची सरासरी काढून फैलाव सोसता येतो, पासंग जात नाही. म्हणून त्याला मर्यादा 1 टक्क्याच्या आत.

वजनांवर शिक्का निसर्गाचा: सिझियमचे 662 केईव्ही, कोबाल्ट-60 चे दोन किरण मिळून 2.5 एमईव्ही, हायड्रोजननं न्यूट्रॉन पकडला की 2.2 एमईव्ही. मेख अशी की तोलायचा आहे प्रतिन्यूट्रिनो द्रवात आदळल्यावर निघणारा पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनचा प्रतिकण) आणि वजनं आहेत गॅमाची. गॅमा आपली ऊर्जा अनेक लहान इलेक्ट्रॉनांत वाटतो आणि लहानांचा उजेड जास्त मार खातो. चांदीच्या वजनानं सोनं तोलल्यासारखं आहे ते, हिशेब करून जुळवावं लागतं. शिवाय ताडून पाहायला दुसरा काटा आहे: 3 इंची 25,600 नळ्या. त्यांच्या वाट्याला बहुतेक वेळा एक दाणा नाहीतर शून्य, त्यामुळे नुसतं मोजायचं. मोठ्या नळीवर दाण्यांचा ढीग पडला की तिचं यंत्र थोडं चुकू शकतं. ते या लहान नळ्यांमुळे पकडता येतं.

मूळ लेखात 'अचूकता' सहा ठिकाणी होती. चार ठिकाणी आता 'फैलाव' केलंय. उरलेल्या दोन ठिकाणी तुमचा पासंग घातला आहे.