मासा मोजा आणि सोडा
एक मोठा माणूस आणि एक मूल अशी जोडी लावून गळाने मासे धरायची स्पर्धा, हे वाचून फार आनंद झाला. आम्ही इंदूरचे. लहानपणी मामा मला बडवाहजवळ नर्मदेवर न्यायचे. कणकेची गोळी गळाला कशी दाबून बसवायची, पाण्यावर तरंगणारं मोरपिसाचं देठ जरासं हललं की लगेच हिसका का द्यायचा नाही, हे त्यांच्या शेजारी तासन्‌तास बसूनच कळलं. बोलणं फारसं व्हायचं नाही.

आपल्याकडे कुणी अशी स्पर्धा घेतलीच तर कळकळीने सांगते, बक्षीस वजनावर ठेवू नका. मासा पट्टीवर मोजा आणि लगेच सोडा. धरण्याआधी हात ओले करायला मुलांना शिकवा. कोरड्या हातांनी त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि सोडलेला मासाही मग रोगाने मरू शकतो. महाशीर तर २०११ पासून मध्य प्रदेशचा राज्य मासा आहे आणि नर्मदेतच तो दुर्मिळ झालाय. १६ जून ते १५ ऑगस्ट हा अंडी घालण्याचा काळ, तेव्हा इथे मासेमारीला बंदी असते. तारीख त्यानंतरचीच धरा.

आणि मुलांना लाइफ जॅकेट हवंच, काठावर बसली असली तरी.