बारभाईंचं रिझोल्यूशन

जुना गेम नव्या मॉनिटरवर लावला की सगळ्यात आधी नायकाचं वजन वाढतं. उंची तेवढीच, रुंदी मात्र बरोबर एक तृतीयांशाने जास्त. घोडा म्हशीच्या वळणावर जातो, चंद्र लंबगोल होतो, आणि राजकन्येबद्दल न बोललेलंच बरं. चित्र ४:३ मापाचं, पडदा १६:९ चा, आणि मधल्या कुणीतरी ते न विचारता ताणून बसवलेलं. हा ‘कुणीतरी’ हुडकून काढणं हीच माझ्या मते जुन्या गेमची पहिली लेव्हल. पुष्कळांची शेवटचीही तीच ठरते.

संशयित पाच. गेम स्वतः, विंडोज, ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर, मध्ये घुसवलेला रॅपर (जुन्या गेमचं म्हणणं नव्या कार्डाला समजावणारा दुभाषी प्रोग्रॅम) आणि खुद्द मॉनिटर. चित्र लहान-मोठं करण्याचा अधिकार या पाचही जणांकडे आहे आणि बाकीचे चौघे झोपलेत अशी प्रत्येकाची पक्की समजूत आहे. असा हा बारभाईंचा कारभार. त्यामुळे नियम एकच: ताणण्याचं काम एकालाच द्यायचं, उरलेल्यांचे हात बांधायचे.

माणूस पहिला हात घालतो तो मॉनिटरच्या बटणांना. मेनूत ‘वाइड’, ‘ॲस्पेक्ट’, ‘४:३’ असं काहीतरी सापडतं. ‘४:३’ निवडला तरी ढिम्म काही होत नाही, किंवा तो पर्यायच करडा पडलेला असतो. मॉनिटरचा यात दोष नाही. ग्राफिक्स कार्डाने चित्र आधीच ताणून १९२०×१०८० ठिपक्यांचं (पिक्सेलचं) करून पाठवलेलं असतं. आत ६४०×४८० चा गेम आहे, हे त्या बिचाऱ्याला कुणी कळवलेलंच नसतं.

म्हणून काम द्यायचं ग्राफिक्स कार्डाला. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये ‘ॲडजस्ट डेस्कटॉप साइझ अँड पोझिशन’ या पानावर ‘ॲस्पेक्ट रेशो’ निवडा, ‘परफॉर्म स्केलिंग ऑन’ समोर ‘जीपीयू’ ठेवा, आणि गेमने ठरवलेलं स्केलिंग मोडून काढणाऱ्या खालच्या चौकटीत टिक करा. ही टिक करायची राहून गेली तर वरचं सगळं कधी कधी नुसतं शोभेचं ठरतं. एएमडीकडे ‘जीपीयू स्केलिंग’ चालू करून ‘प्रिझर्व्ह ॲस्पेक्ट रेशो’ घ्यायचा. मग १९२०×१०८० वर मधोमध १४४० पिक्सेल रुंदीचं चित्र येतं आणि दोन्ही बाजूंना २४०-२४० पिक्सेलचे काळे पट्टे. पाहुणे ते पट्टे बघून “पडदा बिघडला का?” असं विचारतात. विचारू द्यावं. पट्टे दिसले की मला हायसं वाटतं, कारण नायक पुन्हा सडपातळ झालेला असतो.

आकार जमला की लक्ष धूसरपणाकडे जातं. इथे सगळा घोळ भागाकाराचा आहे. १०८० भागिले ४८० म्हणजे २.२५. गेमच्या एका ठिपक्याला पडद्यावरचे सव्वादोन ठिपके द्यायचे, आणि पाव ठिपका कुठेच मिळत नाही. मग एकतर सगळं चित्र फासून काढलं जातं, नाहीतर काही ओळी दोन ठिपक्यांच्या आणि काही तीन ठिपक्यांच्या होतात. त्यात अक्षरांचा एक पाय जाड, एक बारीक. यावर उतारा म्हणजे इंटिजर स्केलिंग, फक्त पूर्ण पट. एनव्हिडियाकडे ते २०१९ पासून ट्युरिंग पिढीच्या आणि पुढच्या कार्डांवर मिळतं. १०८० वर दुप्पट केलं की १२८०×९६० चं चित्र येतं, म्हणजे वर-खाली ६० आणि डावी-उजवीकडे ३२० पिक्सेल काळे. ४के (३८४०×२१६०) पडद्यावर चौपट केलं तरी वर-खाली १२० उरतातच. २५६०×१४४० वर मात्र ४८० तिपटीने उंचीत चपखल बसतात, एक ओळही वाया जात नाही. ६४०×४८० च्या गेमसाठी हा मॉनिटर ४के पेक्षा जास्त संस्कारी आहे, असं माझं ठाम मत आहे.

विंडोजच्या आधीच्या डॉसच्या जमान्यातले ३२०×२०० चे गेम याहून हट्टी. ३२०×२०० हे ४:३ नाहीच! पण तेव्हाचा मॉनिटर ते ४:३ मध्ये पसरून दाखवायचा, म्हणजे प्रत्येक पिक्सेल रुंदीच्या १.२ पट उंच असायचा. चित्रकारांनी ते धरूनच चित्रं काढली. आजच्या चौकोनी पिक्सेलांवर ती जशीच्या तशी दाखवली की सगळी पात्रं डोक्यावर पोतं ठेवल्यासारखी दबतात. हे गेम आज चालवणारा प्रोग्रॅम म्हणजे डॉसबॉक्स. त्याच्या कॉन्फिग फाइलमध्ये ‘ॲस्पेक्ट’ला ‘ट्रू’, ‘फुलरिझोल्यूशन’ला ‘डेस्कटॉप’ आणि ‘आउटपुट’ला ‘ओपनजीएल’ द्या. ‘आउटपुट’ मुळातल्या ‘सरफेस’वर ठेवून खिडकीचा आकार बदलायला गेलात, तर ती सेटिंग वाचली जाते आणि सोडून दिली जाते. रुंदीला ५ पट आणि उंचीला ६ पट केलं की १६००×१२०० मिळतं. या गेमांचा खरा सुखी संसार तोच.

आता विंडोज. ४के पडद्यावर डेस्कटॉपचं स्केलिंग १५० टक्के असेल तर जुन्या गेमला पडदा २५६०×१४४० चा आहे असं सांगितलं जातं. गेम भोळा, विश्वास ठेवतो. मग चित्राचा उजवा-खालचा भाग पडद्याबाहेर जातो, किंवा बाण एका ठिकाणी आणि क्लिक भलतीकडे. गेमच्या एक्झी (प्रोग्रॅमच्या) फाइलवर राइट क्लिक, ‘प्रॉपर्टीज’, ‘कम्पॅटिबिलिटी’, ‘चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज’. तिथे ओव्हरराइडची टिक करून ‘ॲप्लिकेशन’ निवडा. आधी उघडणाऱ्या लाँचरच्या नव्हे, खऱ्या गेमच्या एक्झीवर.

विंडोजची दुसरी खोडी तर वेड लावणारी. गेम ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये असेल तर त्याने लिहिलेली आयएनआय (सेटिंगची) फाइल गुपचूप ‘ॲपडेटा’तल्या ‘व्हर्च्युअलस्टोअर’मध्ये जाते. तुम्ही मूळ फाइलमध्ये रिझोल्यूशन बदलत बसता, गेम दुसरीच प्रत वाचत बसतो. सरळ सी ड्राइव्हवर ‘गेम्स’ नावाचा फोल्डर करा आणि गेम तिथे टाका.

ड्रायव्हरलाही गेम जुमानत नसेल तर रॅपर आणावा लागतो. डायरेक्टड्रॉ आणि जुन्या डायरेक्ट३डी (विंडोजची चित्र काढायची साधनं) वापरणाऱ्या गेमसाठी डीजीव्हूडू २. त्याच्या ‘एमएस’ फोल्डरमध्ये ‘एक्स८६’ आणि ‘एक्स६४’ अशा डीएलएल (प्रोग्रॅमला जोडायच्या फाइल) असतात. विंडोज ६४ बिटची आहे म्हणून ‘एक्स६४’ उचलू नका. गेम ३२ बिटचा आहे, त्याला ‘एक्स८६’च लागते. ती एक्झीच्या शेजारी ठेवायची आणि कंट्रोल पॅनेलमधून रिझोल्यूशन द्यायचं. कोपऱ्यात येणारा वॉटरमार्क लगेच घालवू नका. तो दिसला तर डीएलएल लागू झाली, नाही दिसला तर मघापासून हवेतच सेटिंग करताय. रॅपरचा खरा फायदा म्हणजे ३डी आकृत्या धारदार होतात आणि मेनू मूळ मापातच राहतो. गेमच्या आयएनआयमध्येच ३८४०×२१६० लिहिलं तर बऱ्याच गेममध्ये जीव किती उरला हे दाखवणारा आकडा मुंगीएवढा होतो, आणि नायक कशाने मेला हे भिंगातून शोधावं लागतं.

काही गेममध्ये रिझोल्यूशन एक्झीतच कोरलेलं असतं. तिथे हेक्स एडिटर, म्हणजे फाइलचे बाइट सोळाच्या पायातल्या आकड्यांत दाखवणारा प्रोग्रॅम. ८०० म्हणजे २० ०३ आणि ६०० म्हणजे ५८ ०२, बाइट उलट्या क्रमाने. त्यांच्या जागी १९२० साठी ८० ०७ आणि १०८० साठी ३८ ०४. फक्त प्रत काढून ठेवा, कारण ५८ ०२ ही जोडी फाइलमध्ये पन्नास जागी सापडते, आणि त्यातली पडद्याची उंची कोणती नि तलवारीची किंमत कोणती हे फाइल सांगत नाही.

एवढं करून पडदा भरला तरी ३डी गेम नाकाला चिकटल्यासारखा वाटतो. आडवा दृष्टिकोन (एका वेळी किती अंशांतलं दिसतं तो कोन) ९० अंशच राहिलेला असतो, त्यामुळे उभा ७४ वरून ५९ वर येतो. गेम रुंद झालेला नसतो, वरून-खालून कापलेला असतो. आडवा १०६ केला की मूळची उंची परत मिळते. क्वेक ३ मध्ये हे कन्सोलमधून, म्हणजे गेममध्येच आज्ञा टाइप करायच्या पट्टीतून होतं: ‘आर_मोड’ला उणे १, ‘आर_कस्टमविड्थ’ आणि ‘आर_कस्टमहाइट’ला आपले आकडे, ‘सीजी_एफओव्ही’ला १०६, शेवटी ‘व्हिड_रिस्टार्ट’. रिझोल्यूशन उणे १ असू शकतं, हे मान्य करायला मन थोडं मोठं करावं लागतं.

आणि मॉनिटर १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ चित्रं (फ्रेम) दाखवणारा असेल तर अजून उठू नका. काही जुने गेम वेळ फ्रेमवर मोजतात. ६० च्या हिशोबाने बनलेला गेम १४४ वर गेला की पहारेकरी वाऱ्यासारखे पळतात आणि उडी छतात अडकते. ड्रायव्हरमध्ये ‘मॅक्स फ्रेम रेट’ ६० ठेवा. फक्त त्या गेमच्या प्रोफाइलमध्ये, सगळ्या संगणकासाठी नव्हे.