पाचवा आकडा जोडून इंटरनेटचे पत्ते वाढत नाहीत

नागपुरात कॅमेरे आणि केबल-इंटरनेटचं काम करणाऱ्या आम्हा मंडळींच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. इंटरनेटचा जुना पत्ता म्हणजे ठिपक्यांनी तोडलेले ० ते २५५मधले चार आकडे. ते पुरत नाहीत म्हणून आणलेले नवे, लांब पत्ते म्हणजे आयपीव्ही६. मेसेज म्हणतो: 'आयपीव्ही६ची गरजच नाही. जुन्या पत्त्याला पाचवा आकडा जोडा, नाहीतर २५५ची मर्यादा ९९९ करा. ०७१२च्या लँडलाइन नंबरांपुढे २ लावला, तेव्हा कुणाचा फोन बदलावा लागला? राखीव पत्ते सोडले तरी भागेल. आणि एका पत्त्यावर शंभर गिऱ्हाइकं बसतातच.' नवी पोरं हे खरं मानून आयपीव्ही६ शिकायचं टाळताहेत, म्हणून लिहितोय.

२५५ ही कुणी ठरवलेली मर्यादा नाही. पत्त्यातल्या प्रत्येक आकड्याला आठ बिट मिळतात, त्यांत त्याहून मोठा आकडा मावतच नाही. ठिपके आपल्या सोयीसाठी. यंत्राला दिसतो तो सलग ३२ बिटांचा एकच आकडा.

लँडलाइनचा दाखला सगळ्यांना पटतो, पण तो इथे लागू पडत नाही. घरचा फोन दाबले तेवढे आकडे पाठवायचा, हिशेब एक्स्चेंजमध्ये व्हायचा. तिथे बदल केला की काम झालं. इंटरनेटवर माहिती छोट्या पुडक्यांतून, म्हणजे पॅकेटमधून जाते. त्यात तेराव्या बाइटपासून (एक बाइट म्हणजे आठ बिट) चार बाइट पाठवणाऱ्याचे, पुढचे चार घेणाऱ्याचे. त्यात पाचवा घुसवला की जुना राउटर भलतंच काही वाचणार. मग प्रत्येक राउटर, मोबाइल, डीव्हीआर (कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर) बदलणं आलं, म्हणजे आयपीव्ही६चीच मेहनत. पत्त्याचा जादा भाग हेडरच्या (पॅकेटच्या सुरुवातीच्या, पत्ते असलेल्या भागाच्या) 'ऑप्शन' या ऐच्छिक जागेत ठेवायचा प्रस्ताव १९९२मध्येच आला होता. पण ऑप्शन असलेली पॅकेटं कितीतरी राउटर आजही टाकून देतात.

राखीव पत्त्यांची सूचना मात्र विचार करण्यासारखी आहे. पहिला आकडा २४० किंवा त्यापुढचा असलेले सुमारे २६.८ कोटी पत्ते १९८९पासून 'भविष्यासाठी' पडून आहेत. लिनक्स ते घेतं, विंडोज घेत नाही. सगळीकडे चालले तरी आपल्या १४० कोटींच्या देशालाही पुरणार नाहीत.

शंभर गिऱ्हाइकांचं तर मी रोज भोगतो. सीताबर्डीच्या एका कापड दुकानदाराचा फोन आला: "भाऊ, कॅमेरा घरून दिसून नाही राहिला." पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे बाहेरून ठरावीक दारावर (पोर्टवर) आलेली विनंती कॅमेऱ्याच्या रेकॉर्डरकडे वळवायची राउटरमधली सोय, बरोबर होतं. राउटरच्या वॅनच्या (इंटरनेटकडच्या बाजूच्या) पानावर पत्ता होता १००.७२ने सुरू होणारा, आणि बाहेरून पाहिला तर वेगळाच. म्हणजे खरा पत्ता कंपनीकडे, कित्येकांत वाटलेला. बाहेरून आलेली विनंती नेमक्या कोणत्या दुकानात पाठवायची, हे त्यांच्या यंत्राला कळायला मार्गच नाही. दोन दिवस फोन केले. उत्तर एकच, स्टॅटिक आयपीचे (कायमच्या स्वतंत्र पत्त्याचे) वेगळे पैसे भरा.

शेवटी आयपीव्ही६ देणारं कनेक्शन घेतलं, रेकॉर्डरला स्वतःचा पत्ता मिळाला, फायरवॉलमध्ये (बाहेरून येणारं अडवणाऱ्या राखणदारात) फक्त त्याचा एक पोर्ट उघडला. रात्री त्यांनी घरून मोबाइलवर दुकानाचं बंद शटर पाहिलं आणि मला स्क्रीनशॉट पाठवला.