बटाट्याने जहाजाचे दोर पुसले जातात

आमच्या ठाण्याच्या सोसायटीच्या ग्रुपवर आलेला एक मेसेज दोन दिवसांत मला चौघांनी पाठवला. मजकूर थोडक्यात असा: जुनं तैलचित्र काळवंडलं असेल तर अर्धा कापलेला बटाटा फिरवा, रंग नव्यासारखे होतात. रंगाला तडे असतील तर चित्र शंभर वर्षांपूर्वीचं आणि अस्सल. चित्र जहाजाचं असेल तर झेंड्यावरून वय कळतं. कॅनव्हास सैल पडला तर मागून फेविकॉलने नवं कापड चिकटवा. खाली एका शिडाच्या युद्धनौकेच्या चित्राचे आधीचा आणि नंतरचा असे दोन फोटो.

जुनी जहाजचित्रं जमवणं हा माझा बारा वर्षांचा नाद. म्हणून सांगते, यातलं काहीही करू नका.

बटाट्यापासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त नुकसान त्याने होतं. बटाटा फिरवल्यावर चित्र थोडं उजळतं हे खरं आहे. ओल आणि स्टार्च वरची धूळ, काजळी उचलतात. पण तोच स्टार्च रंगाच्या भेगांत बसतो आणि जुलैत, खाडीकडून येणाऱ्या दमट हवेत, बुरशीला आयतं खाद्य मिळतं. पाणी भेगांतून खाली उतरतं. जुन्या कॅनव्हासवर रंगाच्या खाली बहुतेक वेळा सरसाचा हात दिलेला असतो. तो फुगतो आणि वरचा रंग पापुद्र्यासारखा सुटायला लागतो.

शिवाय चित्राचा काळपटपणा पुष्कळदा मळाचा नसतोच. डामर किंवा मॅस्टिक राळेचं जुनं वार्निश वयानुसार पिवळं, मग तपकिरी पडतं. ते बटाट्याने निघत नाही. मग माणूस जोर लावतो, नाहीतर थिनरची बाटली काढतो. जहाजाच्या चित्रात घात होतो तो इथे. चित्रकार आकाश, समुद्र, शिडं आधी रंगवतो. डोलकाठ्यांचे दोर सगळ्यात शेवटी, बारीक कुंचल्याने, पातळ रंगात. त्यामुळे पुसताना पहिले जातात ते दोर. मेसेजमधला दुसरा फोटो मोठा करून पाहा: आकाश निळंशार झालंय आणि मागच्या डोलकाठीला एकही दोर उरलेला नाही.

संवर्धक, म्हणजे जुनी चित्रं जपणारे आणि दुरुस्त करणारे तज्ज्ञ, आधी कडेच्या नखाएवढ्या जागेवर चाचणी घेतात, मग कापसाच्या छोट्या बोळ्याने इंच-इंच पुढे सरकतात. वरचा मळ काढायला कधीकधी स्वतःची थुंकीही वापरतात, कारण तिच्यातली एन्झाइम्स मळ सोडवतात. पण कुठे थांबायचं ते त्यांना कळतं.

तड्यांचं म्हणाल तर तो अस्सलपणाचा दाखला नव्हे. खालचा थर वाळायच्या आत, किंवा डांबरी तपकिरी रंगावर, दुसरा रंग चढवला तर काही वर्षांतच भेगा पडतात. आणि नकली जुनी चित्रं बनवणाऱ्या हान व्हान मेगेरेन या डच चित्रकाराने १९३० च्या दशकात रंगात बेकेलाइट मिसळून, चित्र भट्टीत भाजून तडे मुद्दाम पाडले होते. नेदरलँड्समधले जाणकारही त्याला फसले.

झेंड्याच्या मुद्द्यात मात्र अर्धं सत्य आहे. १८०१ मध्ये ब्रिटिश युनियन झेंड्यात आयर्लंडची लाल तिरकी फुली आली. १८६४ पर्यंत त्यांच्या आरमाराचे लाल, पांढरा आणि निळा असे तीन विभाग होते आणि प्रत्येकाचं निशाण त्याच रंगाचं. त्यानंतर लाल निशाण व्यापारी जहाजांकडे गेलं आणि युद्धनौकांना पांढरं राहिलं. म्हणजे ब्रिटिश झेंड्यात ती लाल तिरकी फुली दिसली तर चित्र १८०१ च्या आधीचं नाही, एवढं ठामपणे म्हणता येतं. पण जुना झेंडा दिसला म्हणून चित्र जुनं ठरत नाही. झेंडा प्रसंगाचा काळ सांगतो, कुंचल्याचा नाही. आपलंच उदाहरण घ्या. विजयदुर्गाखाली तुळाजी आंग्र्यांचं आरमार १७५६ मध्ये इंग्रजांशी झालेल्या लढाईत जळालं. डॉमिनिक सेरेस या जहाजचित्रकाराने त्या लढाईचं चित्र काढलं ते १७७१ मध्ये, इंग्लंडात बसून. आजही कोणी तोच झेंडा रंगवू शकतो. त्यापेक्षा चित्र उलटं करून मागची बाजू बघा: कॅनव्हास विकणाऱ्याचा शिक्का, खिळे की स्टेपल, लाकडाचा रंग.

फेविकॉल तर नकोच. त्यातल्या पाण्याने जुना कॅनव्हास आकसू शकतो, आणि फेविकॉल एकदा पक्का झाला की रंगाला धक्का न लावता काढणं फार अवघड. मागून कापड चिकटवण्याच्या पद्धतींवर १९७४ मध्ये लंडनमधल्या ग्रीनिचच्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयात परिषद भरली होती. सरसकट चिकटवण्याची सवय सोडा, असा सूर तिथून पसरला. चित्र खाडीच्या बाजूच्या ओल्या भिंतीऐवजी आतल्या भिंतीवर लावा आणि फ्रेमच्या मागे बुचाचे दोन तुकडे ठेवून हवेला जागा द्या.

माझ्याकडच्या पहिल्या चित्राचे दोर एका फ्रेमवाल्याने थिनरने पुसले. 'चकाचक करून देतो' म्हणाला आणि मी हो म्हटलं. नंतर एका संवर्धकाला विचारलं, ते परत काढता येतील का. त्यांनी आधीचा फोटो मागितला. मी काढलेलाच नव्हता. अंदाजाने दोर ओढायला त्यांनी नकार दिला, आणि ते जहाज आजही तसंच, दोरांशिवाय, हॉलमध्ये लटकलंय. तुमच्या घरी असं चित्र असेल तर आज रात्रीच त्याचे फोटो काढा: समोरून, मागून, आणि दिवा एका बाजूला तिरका धरून.