अर्पणाची थैली आणि मावशींचा पगार

गेल्या रविवारी चर्चमध्ये उपासनेला अर्धा तास आधीच पोचलो. साफसफाई करणाऱ्या मावशी वेदीपुढची फरशी पुसत होत्या. बाकं पुसून झाली होती, गीतांची पुस्तकं जागच्या जागी लावलेली. सहज विचारलं, "मावशी, पगार किती मिळतो तुम्हाला?" त्यांनी आकडा सांगितला. सहा वर्षांपूर्वी होता तोच. वाढवून का नाही मागितला म्हटलं, तर म्हणाल्या, "भाऊ, देवाचं काम हाये. देवाच्या घरी पैसे कसे मांगू?"

मी मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, कमिटीत चार वर्षांपासून आहे. हिशेबाच्या वहीवर माझीही सही असते. या काळात आम्ही साउंड सिस्टिम बदलली, रंगकाम केलं, दर नाताळात स्टेशनजवळ फूटपाथवर झोपणाऱ्यांना ब्लँकेटं वाटली. त्याचे फोटो मीच इथे टाकले होते. ब्लँकेटं पुढेही वाटूच, नागपूरची डिसेंबरातली थंडी अंगावर काढायला लागणाऱ्यांना ती हवीच असतात. पण ब्लँकेट ही आपली दया असते. मावशींचा पगार आपण देणं लागतो.

बायबलमधल्या लेवीय पुस्तकाच्या १९ व्या अध्यायात स्पष्ट आहे, मजुराची मजुरी सकाळपर्यंत स्वतःजवळ ठेवायची नाही. अनुवाद नावाच्या पुस्तकाचा २४ वा अध्याय तर सूर्य मावळायच्या आत द्यायला सांगतो, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव त्या पैशात अडकलेला असतो. आणि याकोबाच्या पत्रात, अडवून ठेवलेली मजुरी स्वतःच ओरडते. हे शास्त्रपाठ मी शाळेत असल्यापासून ऐकतोय, चर्चमध्ये उभा राहून वाचलेतही. उपदेश मात्र दरवेळी आत्म्याच्या गरिबीकडे वळतो. पैशाच्या गरिबीपाशी आपण थांबतच नाही.

बायबलमधला संदेष्टा आमोस थांबला होता. हा कुणी पुरोहित नव्हता. तकोवा गावचा मेंढपाळ, उंबरांची निगा राखणारा माणूस. बेथेल इथल्या, राजाच्या पवित्रस्थानात जाऊन त्याने सांगितलं की तुमची गाणी देवाला नकोत, न्याय पाण्यासारखा वाहू द्या. माप लहान करून गरिबाला धान्य विकणारे तेव्हा सण कधी संपतो याची वाट बघत बसायचे. त्यांचीही उपासना चुकत नव्हती.

दर १० ऑगस्टला आपण ख्रिस्ती लोक काळा दिवस पाळतो. १९५० च्या त्या तारखेच्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा मुख्यतः हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये दलित शिखांना तो सरसकट मिळाला, १९९० मध्ये बौद्धांना. दलित ख्रिस्ती आजही बाहेर आहेत. १९५६ च्या ऑक्टोबरात ज्या गावात बाबासाहेबांनी दीक्षा घेतली, त्या गावात राहून न्यायाला किती उशीर लागतो हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. बौद्ध बांधवांना चौतीस वर्षं लागली. आपली मागणी न्याय्य आहे, मी त्या मोर्चात चालतो, पुढेही चालणार. पण सरकारकडे हक्क मागून परत यायचं आणि मावशींचा हक्क मात्र 'सेवा' म्हणून वहीत बंद करायचा, हे मला आता जमणार नाही.

काही ज्येष्ठ म्हणतील, चर्चमध्ये राजकारण नको. लूकच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात येशू आपल्याच गावच्या सभास्थानात उभा राहून यशयाचं पुस्तक वाचतो: दीनांना सुवार्ता, बंदिवानांना सुटका, ठेचल्या गेलेल्यांना मोकळीक. त्याच दिवशी गावकरी त्याला डोंगराच्या कड्यावरून ढकलायला निघाले. त्याचं सगळं बोलणं गोड लागलं असतं तर हे झालं नसतं.

आपल्या शहराचा एक मान आहे. २९ नोव्हेंबर १९७० ला सहा वेगवेगळ्या चर्चपरंपरा इथेच, नागपुरात, एकत्र येऊन उत्तर भारताची चर्च (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) स्थापन झाली. आम्ही लहानपणापासून हे अभिमानाने ऐकत आलो. प्रभुभोजनाचं मेज एक झालं ही मोठीच गोष्ट. त्या मेजाखालची फरशी कोण पुसतं, हा हिशेब मात्र राहून गेला.

येत्या रविवारी उपासनेनंतर कमिटीची सभा आहे. विषय मी लेखी दिलाय: तासांच्या हिशेबाने सरकारी किमान वेतनापेक्षा कमी पगार कुणालाही नाही, मावशींना सहा वर्षांचा फरक एकरकमी, आणि त्यासाठी यंदाच्या नाताळाच्या सजावटीच्या रकमेला कात्री. मंडळीतले जे हे वाचतायत, त्यांनी सभेला थांबावं.