गोचिडांवर फवारणीचं औषध, उतारा म्हणून तूप: हा मेसेज पुढे पाठवू नका

पावसाळा लागला की कल्याण-भिवंडीच्या तबेल्यांपासून शहापूर-मुरबाडच्या गोठ्यांपर्यंत एक मेसेज फिरतो. भाजीवर मारायचं क्लोरपायरिफॉस झाकणभर घ्या, बादलीत कालवा आणि पोत्याने गुरं पुसा, गोचीड गळून पडतील. पिकाचं आणि गुरांचं औषध एकच. बाधलंच तर पाव किलो तूप पाजा, अ‍ॅट्रोपिनच्या (अशा विषबाधेवरच्या इंजेक्शनच्या) दोन अँप्युल टोचा. दूध उकळलं की चालतं. यातली एकही गोष्ट खरी नाही, आणि दोन तर थेट जीव घेणाऱ्या आहेत.

आधी झाकणाचं पाहू. क्लोरपायरिफॉस 20 टक्के ईसी (द्रावकात विरघळवलेलं, पाण्यात कालवायचं औषध) मिळतं, तसं 50 टक्केही. 10 मिलीच्या झाकणात एकात साधारण 2 ग्रॅम विष, दुसऱ्यात 5 ग्रॅम. झाकण तेच, बादली तीच. ईसीमधलं द्रावक विषाला कातडीतून आत जायला मदत करतं. पोत्याने घासलं की गोचिडांनी केलेल्या जखमा उघड्या पडतात. शिवाय गुरं स्वतःचं आणि शेजारच्याचं अंग चाटतात, म्हणजे तोंडावाटेही जातं. गुरांसाठी बनवलेल्या औषधाच्या लेबलवर जनावराप्रमाणे मात्रा दिलेली असते, पिकाच्या बाटलीवर ती नसतेच. कोनाड्यात डायक्लोरव्हॉस या कीटकनाशकाची जुनी बाटली असेल तर तीही नको. त्यावर 31 डिसेंबर 2020 पासून बंदी आहे.

आता तूप. विष अंगावर लावलेलं असेल तर पोटात तूप घालून काय उतरणार? आणि पोटात गेलं असेल तर यातली बरीच विषं तेलातुपात विरघळणारी, म्हणजे उलट लवकर शोषली जायची भीती. त्याहून वाईट पाजणं. या विषाने लाळ गळते, छातीत स्राव भरतो, डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, कानामागचे आणि मांडीचे स्नायू फडफडतात. अशा जनावराची मान वर करून नळीने काहीही ढोसलं की ते फुप्फुसात उतरतं. चिंचेचं पाणीही तसंच. गाय-म्हैस माणसासारखी उलटी करत नाही.

दोन अँप्युलचं गणित तर मांडूनच बघा. म्हशीचं वजन 400 किलो धरा. किलोला किमान 0.25 मिलीग्रॅम म्हणजे 100 मिलीग्रॅम अ‍ॅट्रोपिन. मेडिकलमधल्या 1 मिली अँप्युलमध्ये असतं 0.6 मिलीग्रॅम, म्हणजे 166 च्या वर अँप्युल लागतील! पशुवैद्य त्यातला साधारण पाव भाग हळूहळू शिरेतून देतात, बाकी कातडीखाली, आणि लाळ व छातीतली घरघर किती कमी झाली ते बघून पुढची मात्रा ठरवतात. फक्त बाहुली बघून नाही. अ‍ॅट्रोपिनने स्नायूंची थरथर थांबत नाही, म्हणून थरथर दिसते तोवर टोचत राहिलं तर पोटाची हालचाल बंद पडून पोटफुगी होते. थरथरीवर प्रॅलिडॉक्सिम नावाचं औषध असतं, पण ते लवकर द्यावं लागतं. उशीर झाला की विषाची पकड सुटत नाही.

मग डॉक्टर येईपर्यंत करायचं काय? 1962 या पशुवैद्यकीय मदतीच्या नंबरला फोन करा आणि बाटलीवरचं औषधाचं नाव जसंच्या तसं वाचून सांगा; कार्बामेट (वेगळ्या गटाचं कीटकनाशक) असेल तर उपचार बदलू शकतो. जनावर मोकळ्या हवेत घ्या. रबरी हातमोजे घालून लिक्विड साबण आणि भरपूर साध्या पाण्याने पाठीपासून खाली धुवा. कानाच्या मुळाशी, जांघेत, कासेखाली, शेपटीच्या बुडाशी औषध साचतं, तिथे दोनदा. गरम पाणी नको, खराऱ्याने घासणं नको. धुतलेलं पाणी गव्हाणीकडे किंवा हौदाकडे वाहू देऊ नका.

दूध उकळून विष जाईलच याची खात्री नाही. ते ओता, वासरालाही पाजू नका, आणि पुन्हा केव्हा काढून विकायचं ते पशुवैद्यांनाच विचारा. बाकीच्या दुधात मिसळलं तर सगळा कॅन वाया जाईल.